घटी बसलेली काच

सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत उडायला लागला की दसरा आल्याची वर्दी मला आधी नाक देतं, कॅलेंडर मागाहून. सात-आठ शिंका लागोपाठ, आणि मग डोळे पुसून वर पाहावं तर आभाळ असं लख्ख की पावसानं आपला बाडबिस्तरा गोळा करून जाताना खोली झाडून दिली असावी. हिंगोलीच्या मैदानावर ट्रकमधून आकाशपाळण्याचे लोखंडी खांब उतरायला लागतात. मौत के कुएँच्या फळ्या उतरतात, भल्यामोठ्या पापडांचे डबे उतरतात, अर्ध्या तोंडाचे राक्षस उतरतात आणि उरलेलं तोंड कुठं राहिलं म्हणून कामगार एकमेकांना शिव्या घालतात. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य माइकपुढं 'हॅलो, चेक' करण्यात गेलं, त्याला अशा वेळी घरात कोण बसवणार? माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आता पोरगा बघतो. पण मैदानाला पहिला खांब रोवला की मी तिथं हजर. कुणी बोलावलेलं नसतं. वऱ्हाडात एखादा लांबचा मामा असतो ना, तसा.

यंदा मैदानाच्या एका कोपऱ्यात पोरांनी जिपा आणून लावल्यात. काय त्या जिपा! जात्यासारखी टायरं, पोटाखाली जांभळे दिवे, हॉर्न वाजवला की म्हैस रेकावी. प्रत्येक पोरगं आपापल्या जिपेपुढं छाती काढून उभं, आणि दुसरं पोरगं त्याचं मोबाइलवर शूटिंग करून राहिलं. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काका, तुमच्या टायमाला होतं काय असं काई?"

"असं नव्हतं," मी म्हणालो. "पण एक गाडी होती."

"कोणती?"

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या बाबतीत ही गोष्ट इतकी दुर्मीळ, की शेजारचा पापडवालाही वळून बघायला लागला. घरी येऊन बायकोला म्हणालो, चहा टाक, मला लिहायचंय. जिनं ही गोष्ट ऐकायला नको होती ती बाई आता नाही, आणि ज्यानं तिला ती ऐकू दिली नाही तोही आता नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. होणार, होणार अशी हवा होती. प्रत्येक पानटपरीवर एक तरी भावी जिल्हाधिकारी बसलेला असे. वाशीमच्या रस्त्यावर कनेरगाव नाका आहे. ढाबे, पंक्चरची दुकानं, थांबलेले ट्रक, आणि ढाब्यांच्या रांगेत ज्ञानबा पांचाळाचं वेल्डिंगचं शेड. ज्ञानबा ट्रॉल्या बनवायचा. पंचक्रोशीत ट्रॅक्टरमागं ज्या ट्रॉल्या खडखडत जायच्या, त्यांतल्या निम्म्या ज्ञानबाच्या हातच्या. उंच, वाळका, खांद्यातून जरा वाकलेला माणूस. ट्रॉलीचं कौतुक केलं तर नाक मुरडायचा. "ट्रॉली म्हंजी भाकर हो. थापली, भाजली, झालं. मला एक डाव करंजी करायची हाय."

त्याला करंजी सापडली हट्टा गावात. एका देशमुखांच्या गोठ्यात तो फाटकाचं माप घ्यायला गेला होता, तिथं कडब्याआड एक जुनी मोटार उभी. निजामाच्या काळातली असावी. कोणत्या कंपनीची ते कुणालाच सांगता येईना, कारण बोनेटवरचं नाव कुणीतरी उचकटून नेलेलं. सीटा केव्हाच गेलेल्या. देशमुखांच्या घरचे शहाणे लोक त्या मोटारीत हळदीचं बेणं साठवायचे. सावली, वारा, उंदरांपासून बचाव, आणखी काय पाहिजे? ज्ञानबानं फाटक करून दिलं आणि बदल्यात गाडी मागितली. देशमुखांना वाटलं, याला उन्हाचा त्रास झाला असेल. देऊन टाकली.

ट्रॅक्टरच्या मागं बांधून ती गाडी नाक्यावर आली तो दिवस मला आठवतो, कारण मी त्या वेळी ढाब्यावर भजी खात होतो. नाक्यावरची झाडून सगळी माणसं जमली. गाडीच्या फटीफटीतून हळद गळत होती. ज्ञानबाची बायको गयाबाई शेडमधून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिनं गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "हळद लागलेली हाय. लगीन कोणासंगं लावता हिचं?"

"माझ्यासंगं."

"मग मी जाते माहेराला. शेड तिच्या नावानं करा."

हशा झाला. गयाबाई ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिला माइकची गरज नव्हती, उलट माइकला तिची होती. शेडमधलं ग्राइंडर तीच चालवायची. पदर खोचून, दोन्ही पाय रोवून लोखंडाला भिडली की ठिणग्यांची अशी कारंजी उडायची की ढाब्यावरचे ड्रायव्हर चहा विसरून बघत बसायचे.

ज्ञानबाच्या डोक्यात ही करंजी शिरली कुठून? एका स्पेअर पार्टच्या दुकानातलं कॅलेंडर. त्यावर परदेशातल्या प्रदर्शनांतल्या गाड्या होत्या. जुन्या गाड्या घेऊन, त्यांचं छप्पर कापून, बोनेट काढून, इंजिन उघडं टाकून, मागची चाकं मोठी आणि पुढची लहान लावून, अंगावर आगीच्या ज्वाळा रंगवून त्या आरशासारख्या चकचकीत उभ्या केलेल्या, आणि भोवती माणसं देवळात आल्यासारखी. ज्ञानबानं ते कॅलेंडर शेडमध्ये टांगलं. वर्ष संपलं तरी काढलं नाही. तारखा कुठल्या का असेनात, त्याला गाड्यांशी मतलब.

त्या पावसाळ्यात गाडी घडत गेली. मी हिंगोलीहून वाशीमला जाता-येता थांबायचो. दर वेळी तिला काहीतरी नवीन फुटलेलं असायचं. छप्पर गेलं. पोटात एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसलं आणि ते झाकायला बोनेट ठेवलंच नाही. तांब्याच्या नळ्या गयाबाईनं चिंचेनं घासून पूजेच्या भांड्यांसारख्या लखलखीत केल्या. तोंडाला जाळी पाहिजे होती, ती मळणीयंत्राची चाळणी कापून झाली. दोन्ही कुशीतून धूर सोडणारे चार-चार पाइप निघाले, ते मूळचे हापशाचे. रंगाचा प्रश्न गाडीनं आपणच सोडवला. कितीही धुतली तरी सांध्यातून पिवळं पाझरायचंच. शेवटी ज्ञानबा म्हणाला, "तिचं तिनं ठरवलं," आणि पिवळा रंग आणला. राहिले होते फक्त शेपटीकडचे दोन पंख. तेलाच्या पिंपांचा पत्रा कापून, वाकवून, मागं गरुडासारखे उचललेले लांबच लांब पंख. दसऱ्याच्या प्रदर्शनीत सजवलेल्या गाड्यांचं रिंगण व्हायचं. आरशांच्या रिक्षा, शिंगं लावलेल्या जिपा. ज्ञानबाला त्या रिंगणात उभं राहायचं होतं आणि माझ्या माइकवरून आपलं नाव ऐकायचं होतं. हे त्यानं मला एकदा नाही, भजी संपेपर्यंत सांगितलं.

"आवाज कसा काढता तुमी? निजामाच्या वक्ताची गाडी, म्हणा. आन् मग जरा थांबा. आन् मग घडवणार, ज्ञानबा गणपतराव पांचाळ, कनेरगाव नाका. गणपतराव विसरू नका, बापाचं नाव हाय."

पोळ्याच्या सुमाराला त्याच्या डोळ्यांची आग व्हायला लागली. वेल्डिंगवाल्यांना हे नवीन नसतं. काळी काच डोळ्यापुढं धरायची असते, पण वेल्डिंगचा टाका, म्हणजे जोड, कुठं पडतो ते काचेतून नीट दिसत नाही, म्हणून काच जरा बाजूला करायची, उघड्या डोळ्यानं एक ठिणगी पाहायची, पुन्हा काच. अशा चोरून पाहिलेल्या ठिणग्यांचा हिशेब डोळा ठेवतो. रात्री डोळ्यात वाळू फिरते, मग बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, दुधाचा बोळा ठेवायचा, सकाळी पुन्हा वेल्डिंगचा होल्डर हातात. पण त्या वर्षी ज्ञानबाला समोरच्या माणसाच्या तोंडावर धूर धरल्यासारखा दिसायला लागला. गयाबाई त्याला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, पडद्याला मधोमध डाग धरायला लागलाय. अजून थोडका आहे. काच न धरता यापुढं काम केलं तर मधली नजर जाईल आणि ती परत येणार नाही. काही दिवस काम थांबवलंत तर फारच चांगलं.

ज्ञानबानं यातलं काचेचं ऐकलं. गयाबाईनं थांबवण्याचं ऐकलं. एकाच डॉक्टरकडून दोघं दोन निरोप घेऊन आले.

ज्ञानबा खरोखर काच धरायला लागला, हे मी पाहिलंय. लाकडी चौकटीतली ती काळी काच तो डाव्या हातानं नाकाला टेकवून धरायचा आणि पंखांचं काम गोगलगायीसारखं चालायचं. "दसऱ्यापर्यंत व्हतंय काय?" मी विचारायचो. "व्हतंय की. काचंतून शिकून राहिलो आता. आंधळ्यानं पोथी वाचावी तसं." पण त्याला थांबवणं गयाबाईला जमत नव्हतं. भांडून झालं, रुसून झालं, भावाला आणून झालं. शेवटी तिनं देवीला मधे घातलं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं जे हत्यार असेल ते. सुताराचा रंधा, ड्रायव्हरचा पाना, न्हाव्याचा वस्तरा. धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची, आणि मांडली की दसऱ्याला उठवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बसलेलं हत्यार उठवणं म्हणजे झोपलेल्या देवाच्या अंगावरची चादर ओढणं. माझ्या आईनं माझ्या माइकलासुद्धा कुंकू लावलेलं आहे, पण त्याला ती दुपारचा थोडाच वेळ बसवायची. त्याहून जास्त वेळ माइक बसला तर प्रदर्शनी उभी राहायची नाही.

घटस्थापनेच्या सकाळी ज्ञानबा आंघोळ करून आत आला तर कोपऱ्यात घट बसलेला, माळ लागलेली, दिवा लागलेला. आणि घटाशेजारी पाटावर वेल्डिंगचा होल्डर, पकड, छिन्नी, पोचा काढायची हातोडी, ओळीनं. प्रत्येकावर कुंकवाची बोटं. आणि सगळ्यांच्या मधोमध, लाकडी चौकटीत, धुऊन पुसून चकचकीत केलेली काळी काच. तिला कुंकू लावलं तर ती मळेल म्हणून चौकटीला लावलेलं.

"हे काय? खंडेनवमी व्हायची हाय अजून."

"यंदा घटासंगंच बसवले. देवीचे नऊ दिवस, तुमच्या हत्याराचे बी नऊ दिवस."

"आन् माझे?"

"तुमी बी बसा. कोण न्हाई म्हणलं?"

ज्ञानबानं हात जोडले. काय करणार? त्याच्या बापानं, आज्यानं कधी बसलेल्या हत्याराला हात लावला नव्हता. गयाबाईला ठाऊक होतं की तो बायकोचं ऐकणार नाही, पण पाट ओलांडणार नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात हुशार चाल होती ती. दुपारी नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटली. आम्ही हसलो. मीही हसलो. पांचाळाला बायकोनं घटी बसवला, असं मी मैदानावर चार जणांना सांगितलं.

नवरात्र लागलं की मी मैदानावर अडकायचो. हरवलेली लेकरं, सापडलेल्या चपला, पाळण्याचे दर, सगळं माझ्या घशातून जायचं. त्या दिवसांत नाक्यावर काय झालं ते मला नंतर युसूफभाईकडून कळलं.

युसूफभाईचं शेड नाक्याच्या दुसऱ्या टोकाला, ढाब्याच्या मागं. ट्रकांच्या बॉड्या आणि कमानी दुरुस्त करायचा. ज्ञानबाचा मित्र, आणि धंद्यातला दुश्मन. दोघं एकमेकांच्या टाक्यांची नक्कल करून दाखवायचे. घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानबानं गाडी ढकलत युसूफभाईच्या शेडमध्ये आणली. बायकोला सांगितलं, पंखाचं काम युसूफ करतोय, मी नुसता बसून बघतो.

"मियाँ, मैं करता ना," युसूफभाई म्हणाला. "तू बैठ."

"तुझा टाका तुझ्या दाढीसारखा, कुठं दाट कुठं पातळ. होल्डर दे."

"हत्यार को हात नहीं लगाने का ना तेरे में?"

"माझं हत्यार बसलंय. तुझं कुठं बसलंय?"

होल्डर मिळाला. मशीन मिळालं. मग ज्ञानबानं काच मागितली.

"मेरे कने काच एकीच है, और आँखां बी दोईच," युसूफभाई म्हणाला. त्याचं स्वतःचं काम तुंबलेलं होतं. समोर दोन ट्रक उभे. "बजार में मिलती, जाके ला."

आता काळी काच काही सोन्याची नसते. वाशीमला मिळते, हिंगोलीला मिळते. मीच दर दिवशी दहा दुकानांच्या जाहिराती ओरडत होतो. पण ज्ञानबा उठला नाही. युसूफभाई सांगायचा, त्यानं असं तोंड केलं जणू त्याला कुणी दुसरं लग्न करायला सांगितलं.

"घरी काच घटी बसली हाय. तिच्यावर नवी इकत आणून सवत घालू काय? उसनी चालती. इकत न्हाई."

हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. मलाही वाटतं. पण ज्याचं पोट हत्यारावर आहे अशा आमच्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. बसलेल्या हत्याराच्या हयातीत नवं आणायचं नाही, जुनं रुसतं आणि मग हाताला यश देत नाही. पंखांसाठी यश पाहिजे होतं. मग युसूफभाईची काच रिकामी असली की ज्ञानबा ती धरायचा, आणि रिकामी नसली की आठवडी बाजारात घेतलेला काळा गॉगल घालायचा. काच बहुतेक वेळ रिकामी नसायचीच. गॉगलनं ऊन अडतं, वेल्डिंगची आग अडत नाही. आणि पंखांचा टाका हातभर लांब, अखंड, कुठं खंड पडला तर पत्रा वाकडा होणार. त्याच्यावरून नजर हलवता येत नव्हती.

संध्याकाळी तो लाल डोळे घेऊन घरी जायचा. गयाबाई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. "पाह्यलं?" ती म्हणायची. "आराम मिळाला की आतली उष्णता भाईर निघती. इतक्या वर्षांची हाय, निघू द्या." ज्ञानबा चकत्यांखाली निपचित पडून "व्हय" म्हणायचा. त्याला वाटत होतं, दसरा झाला की सांगू. पंख दाखवू, ती शिव्या देईल, मग हसेल.

दसऱ्याला गाडी मैदानावर आली. चालवत युसूफभाई, शेजारी ज्ञानबा, मागं मोकळ्या जागेत गयाबाई आणि आपट्याच्या फांद्या. आठ नळ्यांतून धूर, तो आवाज, तो पिवळा रंग, आणि मागं ते पंख. मी भरपूर गाड्या पाहिल्यात. आजवर एकाही गाडीसाठी मी हातातला माइक खाली ठेवलेला नाही. तेव्हा ठेवला. मौत के कुएँच्या फळ्यांवरून पोरं खाली उतरली. पंखांच्या काठानं गेलेला तो टाका असा सरळ की वाटावं पत्रा जन्मतःच तसा.

रिंगणात गाडी लागली. झेंडूचे हार पडले. उन्हं कलायला लागली तशी माणसं एकमेकांना आपट्याची पानं द्यायला लागली. मी माइकवर निजामाच्या वक्तापासून सुरुवात करायची म्हणून घसा साफ करत होतो. दहा-बारा हातांवर ज्ञानबा आणि गयाबाई गाडीपाशी उभे. गयाबाईनं पानं पुढं केली. "घ्या सोनं."

ज्ञानबानं हात पुढं केला, तो पानांच्या बाजूनं गेला. ती हसली, वाटलं गंमत करतोय. पुन्हा पुढं केली. हात पुन्हा बाजूनं गेला.

"मी दिसते न्हाई?" तिनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला मी.

"दिसती की. कान दिसतात, कानातले कुडकं दिसतात. पदर दिसतो." त्यानं हात खाली घेतला. "मधी तोंड न्हाई."

मैदानावर केवढा गलबला. पाळणा फिरत होता, पोरी किंचाळत होत्या, जनरेटर धडधडत होता. गयाबाई गाडीच्या पायरीवर बसली. पानं हातात तशीच. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उशीर केला मी. पोळ्यालाच बसवायला पायजे होते. नऊ दिवस वाचवले, पण उशीर केला."

ज्ञानबा तिच्याकडं तोंड करून उभा होता. काय दिसत असेल त्याला? कान, कुडकं, पदर. सांगायचं ते त्याच्या ओठांवर आलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मग तो रिंगणाचा दोर हातानं चाचपत माझ्या टेबलापर्यंत आला.

"माइकवाले, नाव बदला."

"कोणाचं?"

"घडवणाराचं. युसूफभाईचं घ्या."

"अहो, काय बोलून राहिले? गणपतराव पाठ करून बसलोय मी."

"पंख युसूफनं केले. मी नऊ दिवस हात लावला न्हाई," तो म्हणाला, जरा मोठ्यानं, पायरीपर्यंत जाईल असं. मग माझ्या कानाशी वाकून हळू, "घ्या हो त्याचं नाव. पाया पडतो."

मी घेतलं. नाटकी माणूस मी, निजामाचा वक्त सांगितला, थांबलो, आणि मग युसूफभाईचं नाव अशा सुरात सोडलं की टाळ्यांनी पत्रे वाजले. पहिलं बक्षीस त्या गाडीलाच. युसूफभाईच्या डोक्यावर फेटा बांधला, हातात नारळ दिला. त्याचं तोंड मयताला आल्यासारखं. फेटा उतरवून तो सरळ जनरेटरच्या मागं आला, मला खेचून नेलं आणि सगळं सांगितलं. घट, सवत, गॉगल, सगळं. "मेरी काच उसको दे देता तो क्या बिगड़ता था," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि नारळावर मूठ आपटत होता. "पर ये बात भाभी को नहीं बोलने का. कसम डाला उसने."

कळलं ना तुम्हाला? तिनं होल्डर बसवला असता, हातोडी बसवली असती, पकड बसवली असती, आणि काच तेवढी खुंटीला राहू दिली असती, तर कदाचित त्याची नजर गेली नसती. पण काच हेही हत्यारच. तिनं ती सगळ्यात जास्त घासून, सगळ्यांच्या मधोमध बसवली होती.

आठवड्यानं मी माझ्या स्पीकर लादायच्या गाडीतून दोघांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ दिवा लावून पाहिलं. मग विचारलं, "गेल्या काही दिवसांत काचेशिवाय काम केलंत का?"

ज्ञानबाच्या आधी गयाबाई बोलली. "नऊ दिवस हात लावू देला न्हाई सायेब मी. घटी बसवले होते सगळे हत्यारं."

डॉक्टरांनी ज्ञानबाकडं पाहिलं. मी भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता वाचत राहिलो, वरून खाली, खालून वर.

"न्हाई," ज्ञानबा म्हणाला. "हात लावला न्हाई."

"मग आधीचंच असणार. इतकी वर्षं झालीत," डॉक्टर म्हणाले, आणि चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहिलं. मधली नजर गेली ती गेलीच.

त्यानंतर हिंगोली जिल्हा झाला. फटाके फुटले, पानटपरीवरचे भावी जिल्हाधिकारी पानटपरीवरच राहिले. ती गाडी दोन-चार लग्नांत नवरदेवाला घेऊन फिरली. मग तिचं इंजिन अडलं, पत्रा कामाला आला, कुठल्या तरी ट्रॉलीच्या तळाला ते पंख सपाट होऊन गेले असतील. ज्ञानबाचं शेड गयाबाईनं ग्राइंडरवर आणि चहावर चालवलं. तो बाहेर बाजेवर बसायचा, ट्रकांच्या आवाजावरून मालाचं वजन सांगायचा, ड्रायव्हरांना हसवायचा. युसूफभाई रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी येऊन बसायचा. नवं गिऱ्हाईक आलं आणि त्या गाडीची गोष्ट निघाली की ज्ञानबा म्हणायचा, हाच तो युसूफभाई. युसूफभाई मान खाली घालायचा, लोकांना वाटायचं काय विनयी माणूस. तो त्याच मान खाली घातलेल्या अवस्थेत एका उन्हाळ्यात गेला.

आणि गयाबाई? दर नवरात्रात घटासमोर बसून शेजारच्या सुनांना सांगायची. कसं बसवलं, कसे ते हात जोडून उभे राहिले, कसे नऊ दिवस तिनं त्यांना लोखंडाला शिवू दिलं नाही. सांगताना तिच्या आवाजाला जुना खणखणीतपणा यायचा. शेवटी सुस्कारा टाकायची, "पोळ्यालाच बसवायला पायजे होते." आणि बाजेवरून ज्ञानबाची साथ यायची, "व्हय. तिनं लई केलं." हे मी कितीदा ऐकलं. इतकी वर्षं माइक गळ्यात अडकवून हिंडलो, पण असं खोटं मला एकदाही साधलेलं नाही.

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या थोडं आधी गयाबाई गेली. तेरवीला मी गेलो होतो. जेवणं उरकली होती. बायका तिच्याच गोष्टी करत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, "बाईनं नवऱ्याच्या डोळ्यांसाठी देवीला हत्यारं बसवली होती म्हणं." ज्ञानबा लगेच म्हणाला, "व्हय. नऊ दिवस."

बायका उठून गेल्यावर मी त्याच्याजवळ सरकलो. म्हणालो, "ज्ञानबा, आता तर कुणाला लागायचं राहिलं नाही. एकदा मैदानावरून सांगू द्या मला. पंख कुणाचे होते ते. गणपतराव अजून पाठ आहे माझं."

तो हसला. दात गेले होते, हसू तेच होतं.

"ती गेली म्हणून तिचे नऊ दिवस खोटे करता का? मी हाय तवर तरी न्हाई."

समोर भिंतीला गयाबाईचा हार घातलेला फोटो टेकवून ठेवला होता. तो कडेला उरलेल्या नजरेनं पाहता यावा म्हणून ज्ञानबानं तोंड दुसरीकडं, दाराकडं वळवलं, आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.